तंत्रप्रधान उद्योगसंस्थेचा मुख्य कार्यकारी : वालचंदनगरच्या आधारे एक विवेचन

उद्योगसंस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास त्या संस्थेचे तंत्र स्वतः किती अवगत असावे, हा व्यवस्थापनशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ मध्ये प्रशासकाच्या कौशल्यांचे तांत्रिक, मानवी व संकल्पनात्मक असे तीन प्रकार केले. अधिकारपद जसजसे वरचे, तसतसे पहिल्याचे महत्त्व घटते व तिसऱ्याचे वाढते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७३ मध्ये व्यवस्थापकाच्या दहा भूमिका सांगून त्यांचे आंतरव्यक्तिक, माहितीविषयक व निर्णयविषयक असे तीन गट पाडले. ही वर्गीकरणे तंत्रप्रधान संस्थेस कितपत लागू पडतात, हे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या उदाहरणावरून पाहता येते.

वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे अभियंते नव्हते. रेल्वेच्या ठेकेदारीपासून आरंभ करून त्यांनी १९१९ मध्ये जहाजवाहतुकीत व १९४० मध्ये बंगळूर येथे विमाननिर्मितीत पाऊल टाकले. विमानाच्या कामी त्यांनी विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाचे साहाय्य घेतले. तंत्र जाणणारी माणसे, भांडवल आणि शासनाची अनुमती या तीन गोष्टी एकत्र आणणे हेच त्यांचे मुख्य कार्य होते. कॅट्झ यांचे म्हणणे येथवर यथार्थ ठरते.

परंतु नीरेच्या खोऱ्यात प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. कळंब येथील शेतजमिनीवर १९३०-४० च्या दशकात साखर कारखाना निघाला. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटू लागते. म्हणून गळिताच्या हंगामात एखादा रूळ किंवा दंतचक्र निकामी झाले, तर हानी केवळ त्या भागाच्या किमतीपुरती राहत नाही, शेतातील उसापर्यंत पोहोचते. शहरापासून दूर असलेल्या कारखान्यास म्हणूनच स्वतःची कर्मशाळा व कुशल कारागीर बाळगावे लागतात. हंगामाबाहेर हा खर्च अनावश्यक भासतो. तो करावयाचा की नाही, हे ठरविणे ही मिंट्झबर्ग यांच्या परिभाषेत साधनवाटपाची भूमिका होय.

या निर्णयाचे मोल पुढे प्रत्ययास आले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर साखर कारखान्यांची मोठी शेती शासनाकडे गेली व १९६३ मध्ये ती राज्य शेती महामंडळाकडे सोपविण्यात आली. वालचंदनगरचाही त्यात समावेश होता. ज्या जमिनीमुळे वसाहत उभी राहिली, ती गेली. तथापि यंत्रनिर्मितीचे कौशल्य राहिले. साखर कारखान्यांची व सिमेंटची यंत्रे, बाष्पित्रे, पुढे अणुऊर्जा व अवकाश क्षेत्रांतील सामग्री असा या संस्थेचा विस्तार झाला. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याची २.८ मीटर व्यासाची, मॅरेजिंग पोलादाची कवचे येथे घडविली गेली आहेत. अशा कवचाच्या जोडकामातील सूक्ष्म दोषही संपूर्ण उड्डाण व्यर्थ घालवू शकतो. येथे कॅट्झ यांच्या सिद्धान्तास एक पुरवणी जोडावी लागते. मुख्य कार्यकाऱ्याने स्वतः जोडकाम करावे असे नाही. परंतु परीक्षकाचा अहवाल वाचून योग्य तो प्रश्न विचारण्याइतके, आणि पुरवठ्याची मुदत टळत असतानाही परीक्षकाचा नकार मान्य करण्याइतके तंत्रज्ञान त्यास असलेच पाहिजे.

बारामती तालुक्यातील माळेगाव व इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांत हीच भूमिका विभागलेली दिसते. सभासदांनी निवडलेल्या संचालकांतून होणारा अध्यक्ष प्रतिनिधित्व करतो. नियुक्त कार्यकारी संचालक कारभार पाहतो. यंत्रांची जबाबदारी मुख्य अभियंत्याकडे असते. या रचनेत उत्पादकाचा आवाज वरपर्यंत पोहोचतो. मात्र उसाचा दर व यंत्रांचे नूतनीकरण यांसाठी एकाच रकमेवर मागणी आली, म्हणजे दोहोंचा मेळ घालण्याचे उत्तरदायित्व नेमके कोणाचे, हा प्रश्न उपस्थित होतो. खासगी संस्थेत तो एका व्यक्तीच्या विवेकावर सोपविलेला असतो. सहकारी संस्थेत तो सभेपुढे मांडून पटवून द्यावा लागतो. मानवी कौशल्याची कसोटी येथे अधिक कठीण असते.

कौशल्य राखून ठेवण्याच्या धोरणास मर्यादाही आहेत. एकेका कामास वर्षानुवर्षे लागतात, भांडवल अडकून पडते आणि व्याज वाढत जाते. म्हणून केवळ क्षमता जतन करणे पुरेसे नाही. ती कोणत्या कामासाठी व किती काळ जतन करावयाची, हे ठरवावे लागते. तंत्रप्रधान संस्थेच्या मुख्य कार्यकाऱ्याचे संकल्पनात्मक कौशल्य ते हेच. एखादी संपूर्ण वसाहत ज्या कारखान्यावर जगते, तेथे त्या निर्णयातील चूक केवळ ताळेबंदापुरती राहत नाही.