शेवाळलेले शेततळे : उपसावे की राखावे? खर्चाचा खरा हिशेब



मार्च उजाडला आणि ऊन तापू लागले की शेतकी खात्याकडे गटागटांतून एकच विचारणा सुरू होते : "साहेब, तळं हिरवंगार झालंय. ठिबक तुंबतंय. उपसून धुऊन काढू का?" नांदेडकडचा सभासद असो की लातूरकडचा, प्रश्न तोच. म्हणून या अंकात आम्ही तळ्याच्या सफाईचा हिशेबच मांडायचे ठरविले आहे.

तळ्यात पाणी किती?

आपल्याकडचे नेहमीचे शेततळे वर ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल. बाजूंना उतार असल्याने तळ भरतो २४ बाय २४ मीटर. असे तळे काठोकाठ भरले तर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. शहरातला ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, २ मीटर खोल जलतरण तलाव २५ लाख लिटरचा असतो, म्हणजे आपले तळे त्याच्या जवळपासच. फरक एवढाच की तिथे रोज गाळणी चालते व क्लोरीन पडते. आपल्याकडे पाणी उन्हात उघडे उभे राहते.

पाणी निम्म्या उंचीवर आले म्हणजे निम्मे उरले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तळ निमुळता असल्यामुळे दीड मीटर उंचीला पावणेदहा लाख लिटरच शिल्लक असते. पुढचा हिशेब आम्ही याच पाण्यावर केला आहे.

उपसण्याचा खर्च

सेकंदाला १० लिटर पाणी उचलणारे इंजिन हे तळे उपसायला २७ तास घेते. तासाला लिटरभर डिझेल व लिटरला ९५ रुपये धरले तर २,५६५ रुपये. पुन्हा भरायला तेवढेच. धुवायला सहा माणसे दोन दिवस, मजुरी ५०० रुपये धरून ६,००० रुपये. एकूण ११,००० रुपयांच्या वर. (दर आम्ही धरलेले आहेत, ज्याने त्याने आपल्या गावचे घालावेत.) फावड्याचा घाव बसून प्लास्टिकचा कागद फाटला तर जोडकामाचा खर्च निराळा.

पण यात पाण्याची किंमत कुठे आहे? हेच पाणी १० हजार लिटरच्या टँकरने आणायचे तर ९७-९८ खेपा होतील. उन्हाळ्यात एक एकर उसाला ठिबकने दिवसाला सुमारे ३२ हजार लिटर धरले, तर हे पाणी त्या एकराला महिनाभर पुरते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? त्या पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, पाणी ५ लाख लिटर. आपण उन्हाळ्यात एक अर्धे तळे उपसून सोडतो, तेव्हा जवळजवळ तशा दोन गाड्या ओढ्यात ओततो. मजुरी वहीत लिहिली जाते, पाणी लिहिले जात नाही, म्हणून उपसणे स्वस्त वाटते.

न उपसता काय करावे?

१. काठावरूनच दोरीला जाळे बांधून तरंगणारे शेवाळ ओढून काढावे. दोन माणसांचा एका दिवसाचा रोज. निघालेले शेवाळ उकिरड्यात टाकावे, खत होते.

२. मग मोरचूद. साधारण प्रमाण हजार लिटरला १ ग्रॅम, म्हणजे आपल्या तळ्याला सुमारे १ किलो. भाव ३०० रुपये धरा. मजुरीसह खर्च १,३०० रुपये. मोरचूद कापडी पोटलीत बांधून, उन्हाच्या दिवशी सकाळी, दोन्ही काठांवरून दोरीने पाण्यातून फिरवावे. एकदम सगळ्या तळ्याला देऊ नये. निम्म्याला आज, निम्म्याला दहा-बारा दिवसांनी. लोखंडी बादली वापरू नये. आपल्याकडचे पाणी जड असल्याने गुण कमी-जास्त येतो, तेव्हा आधी पाणी तपासून घ्यावे. तळ्यात मासे असतील, किंवा ते पाणी माणसे-जनावरे पीत असतील, तर मोरचुदाच्या वाटेला जाऊ नये. दरवर्षी टाकण्याची सवयही नको. तांबे गाळात साठत जाते.

३. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नये. रिकाम्या ड्रमला बांधून पाण्याच्या दोन-अडीच फूट खाली लोंबता ठेवावा. वर शेवाळ, खाली गाळ, मधले पाणी स्वच्छ.

४. वाळूची गाळणी हवीच. आधीच्या व नंतरच्या मीटरमधला फरक अर्ध्या किलोवर गेला की उलटे पाणी सोडून ती धुवावी. लॅटरलची टोके उघडून पाणी सोडावे. ओळीच्या शेवटचा ऊस पिवळा पडला म्हणून खताचा डोस वाढवू नका. आधी तिथला ड्रिपर पाहा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधीही एकत्र करू नयेत, विषारी वायू होतो.

शेवाळ येतेच का?

ऊन आणि खत यांवर ते पोसते. शेतातून वाहून येणारा युरिया-डीएपी, बांधावर धुतलेला पंप, काठावरचे शेण हे सारे तळ्यात उतरते. म्हणून पाणी आत येते तिथे गाळ अडवणारा खड्डा करावा आणि ठिबकमधून खत देताना ते उलटे तळ्यात येऊ नये यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा.

उपसायचे तर कधी?

गाळ साचला असेल तर तळे साफ करावेच लागते. पण ते जूनच्या तोंडाला, पाणी आपोआप तळाला गेल्यावर. तेव्हा वाया काही जात नाही. लाकडी किंवा प्लास्टिकचे फावडे वापरावे आणि गाळ शेतात पसरावा.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. शेवाळलेल्या प्लास्टिकवर पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण होते. एकट्याने कधीही उतरू नये. कमरेला दोर, काठावर दुसरा माणूस, तळ्यात हवा भरलेली ट्यूब आणि चारी बाजूंनी कुंपण, एवढे असल्याशिवाय शेवाळाला हात लावू नका. पोराबाळांना तर फिरकूही देऊ नका. पाणी गेले तर पुढच्या पावसाळ्यात भरते. घरचा माणूस परत येत नाही.

आपल्या तळ्याची मापे व सध्याची पाण्याची उंची घेऊन गट कार्यालयात यावे. मोरचुदाचा हिशेब आम्ही तिथेच करून देऊ.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते