यंत्र आले, पाणी कुठून?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा तालुक्यातील गावातून डायलिसिससाठी जळगावला जाणाऱ्या रुग्णाचा दिवस पहाटेच सुरू होतो. मिळेल त्या वाहनाने चोपडा गाठायचे, तेथून एसटीने सुमारे ५० किलोमीटर जळगाव. मग चार तास यंत्राला जोडून पडून राहायचे आणि संध्याकाळी गळून गेलेल्या देहाने पुन्हा तोच रस्ता धरायचा. मधला एक दिवस विश्रांतीचा, की तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाट. सोबत मुलगा किंवा पत्नी असतेच. म्हणजे एकाच्या आजारात घरातील दोघांचा रोज बुडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, एसटीच्या सवलतींच्या यादीतही हे रुग्ण आहेत. सोबत्याच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना मात्र कोणत्याच अर्जात नसतो.

केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थसंकल्प मांडताना राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण मूत्रपिंडाच्या आजाराच्या अंतिम अवस्थेला पोहोचतात, एका वेळच्या डायलिसिसला सुमारे २,००० रुपये आणि वर्षाला ३ लाखांहून अधिक खर्च येतो, शिवाय लांबचे प्रवास घडतात, हा हिशेब त्या भाषणातच होता. सेवा जिल्हा रुग्णालयांतून द्यायची, असे ठरले. खानदेशात मात्र जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे जवळचे ठिकाण नव्हे. जळगाव जिल्ह्याचे तालुकेच १५. रावेर एका टोकाला, चाळीसगाव दुसऱ्या. चाळीसगावकराला तर स्वतःच्या जिल्ह्याच्या जळगावपेक्षा शेजारचे धुळे जवळ पडते. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी पाड्यांना तेही दूरच. म्हणून खरा प्रश्न तालुक्याच्या रुग्णालयाचा आहे, आणि विलंब नेमका तेथेच होतो.

व्यापारी घरांना हा विलंब पटकन उमगेल. यंत्र हे स्थिर भांडवल आहे. केंद्र चालते ते खेळत्या भांडवलावर. एका रुग्णाच्या चार तासांच्या उपचारात सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी यंत्रातून जाते. त्याचा रक्ताशी केवळ एका पातळ पडद्याच्या अंतराने संबंध येतो, त्यामुळे त्यात क्षार, क्लोरीन वा जंतू राहून चालत नाही. विंधन विहिरीचे जड पाणी शुद्ध करणारा स्वतंत्र प्रकल्प लागतो, त्याची वरचेवर तपासणी लागते. या प्रकल्पातून बरेच पाणी वायाही जाते. थेंब जपून वापरण्याच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला ते खटकेल, आणि ज्या गावाला उन्हाळ्यात नळ चार-आठ दिवसांनी येतो त्या गावात तर ते खटकायलाच हवे. वीज गेली तर नळ्यांतील रक्त हाताने चक्र फिरवून परत शरीरात सोडावे लागते. हे सारे सांभाळणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ तालुक्याला यायला आणि आला तर टिकायला हवा.

पाळ्यांचे गणितही पाहावे. आठवड्यातून तीनदा उपचार धरला, तर रोज दोन पाळ्यांत एका यंत्रावर चारच रुग्ण सामावतात. पाच यंत्रे म्हणजे २० रुग्ण. रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या रुग्णासाठी एक यंत्र वेगळे ठेवले, की १६. तंत्रज्ञ एकच असेल तर दुसरी पाळी बंद. आकडा आणखी निम्मा. एकविसाव्या रुग्णाला ‘नाव लिहून ठेवतो’ असे सांगितले जाते. जागा रिकामी होते ती बहुधा आधीच्या रुग्णाला मूत्रपिंड मिळाल्यावर किंवा तो गेल्यावर, आणि मूत्रपिंड फार थोड्यांना मिळते.

प्रवास झेपेनासा झाला, की तीनाचे दोन होतात, दोनाचा एक. शरीरात साठलेले पाणी फुप्फुसात उतरते. वाढलेले पोटॅशियम हृदयाचा ठोका बिघडवते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर असताना अशा रुग्णाला दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी पिण्याची मुभा असते. रावेर-यावलच्या केळीच्या आगरात जन्म गेलेल्या माणसाला केळे वर्ज्य, कारण त्यात पोटॅशियम. भेटीस येणारे पाहुणे प्रेमाने शहाळे घेऊन येतात. तेही त्याला चालत नाही.

दूरच्या पाड्यांसाठी आणखी एक मार्ग आहे: पोटाच्या पडद्यातून घरच्या घरी करायचे डायलिसिस. पोटात बसवलेल्या नळीतून साधारण दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तासांनी काढायचा, असे दिवसातून तीन-चार वेळा. यंत्र नको, वीज नको. काटेकोर स्वच्छता मात्र हवी, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो. राष्ट्रीय कार्यक्रमात या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली. द्रवाच्या जड पिशव्या महिन्याच्या महिन्याला पाड्यापर्यंत पोहोचवणे हे त्यातले अवघड काम. किराणा आणि औषधे गावोगाव पोहोचवणाऱ्यांच्या खानदेशात ते अशक्य वाटू नये.

औषधदान चतुर्विध दानांपैकी एक. वडिलांच्या पुण्यतिथीनिमित्त डायलिसिसचे यंत्र देण्याची इच्छा अनेक कुटुंबांत असते. यंत्रावर नावाची पाटी शोभते. पाण्याच्या तपासणीवर, जनित्राच्या डिझेलवर किंवा तंत्रज्ञाच्या पगारावर ती लावता येत नाही. देणगी ठरवण्यापूर्वी दात्याने तालुक्याच्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात. असलेली यंत्रे किती पाळ्या चालतात? पाणी शेवटचे कधी तपासले? प्रतीक्षा यादीत किती नावे आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुने नाव कोणत्या तारखेचे?