भावी हवामानाचे आकडे व गावाचे नियोजन

बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथे पाऊस किती पडतो, याइतकेच तो केव्हा पडतो यास महत्त्व आहे. शेंगा भरतेवेळी दीर्घ उघडीप पडल्यास सोयाबीनचे पीक हातचे जाते.

पुढील काही दशकांच्या हवामानाची अनुमाने आता उपलब्ध आहेत. अमुक दिवशी पाऊस येईल, असे ती सांगत नाहीत. तपमान वाढेल, पाऊस थोड्या दिवसांत जोराने कोसळेल, असा कल दाखवितात. त्यांवरून पेरणीची तारीख ठरवू नये. धोका ओळखून तयारी करावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी प्रथम तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या मागील ३० वर्षांच्या नोंदी घेऊन प्रत्येक हंगामातील उघडिपी मोजाव्यात व अनुमानाशी ताडून पाहाव्यात. नंतर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडावा. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हीच पद्धत अवलंबिली गेली.

उपाय दोन्ही प्रसंगी उपयोगी पडणारे निवडावेत. रुंद वरंबा-सरीमुळे अतिवृष्टीत पाण्याचा निचरा होतो व उघडिपीत ओल टिकते. सोयाबीनच्या ४ ओळींनंतर तुरीच्या २ ओळी घेतल्यास एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. शेततळ्यातून एक संरक्षित पाणी देता येते. अनुमान थोडे चुकले, तरी असे श्रम वाया जात नाहीत.