तेरवं झाल्यानंतरची मैत्री

कृष्ण-सुदाम्याची मैत्री आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण दोन बायकांच्या जन्मभराच्या मैत्रीचे उदाहरण द्या म्हटले, तर भलेभले विद्वान डोके खाजवू लागतील! यावरून बायकांना मैत्री जमत नाही, असे कुणी अनुमान काढील तर ते मात्र साफ चूक ठरेल.

धामणगाव स्टेशनावर उतरून यवतमाळकडे निघालात, की वाटेत बाभुळगाव लागते. काळी जमीन, कपाशी आणि तूर. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत या मुलखात मुली भुलाबाई मांडतात. घरोघर जाऊन गाणी म्हणायची आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची! ती वाटून खाता खाता जुळलेल्या या मैत्रिणी पुढे जातात कुठे? एक राळेगावला दिली जाते, दुसरी दारव्ह्याला. पोरींच्या मैत्रीला आपण लग्नाच्या मांडवातच निरोप देतो.

आणि सासरी नवरा गेला तर? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर झाले. मागे राहिलेल्या बाईकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. तेराव्या दिवशी पंगत उठते, पाहुणे आपापल्या गावी जातात. उरतात कर्ज, लेकरे आणि सरकारी चौकशी. नवऱ्याचा मृत्यू मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे कागदावर ठरायचे असते!

या तेराव्या दिवसाचेच नाव एका नाटकाने घेतले: ‘तेरवं’. लेखक श्याम पेठकर, दिग्दर्शक हरीश इथापे. त्यात भूमिका करणाऱ्यांत हे दुःख प्रत्यक्ष भोगलेल्या शेतकरी स्त्रिया होत्या. बाभुळगावच्या शेजारच्या कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे त्यांपैकीच एक. अंगणवाडीतले काम आणि शिवणकाम करून त्या संसार ओढत होत्या.

पुढे जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावरून मोठे वादळ उठले; आणि उद्घाटनाचा मान आला तो वैशालीताईंकडे! अध्यक्षा अरुणा ढेरे आणि उद्घाटक एक शेतकरी बाई, असा तो योग होता.

पण आम्हाला अधिक मोलाची वाटते ती या नाटकामागची सोबत. घरच्या दुःखाबद्दल चारचौघांत ब्र काढायचा नाही, अशी शिकवण मिळालेल्या बाईने ते दुःख रंगमंचावर उभे करायचे, म्हणजे शेजारी उभी असलेलीवर केवढा भरवसा हवा! एकीचे वाक्य अडले, तर दुसरीने ते सावरायचे. सोबत शिकवणारी अशी शाळा दुसरी कोणती असणार? आणि अशी सोबत तलाठ्याच्या कचेरीतही उपयोगी पडते. सातबाऱ्यावर नाव चढवायला बाई एकटी गेली, तर ‘उद्या या’ म्हणणे सोपे; दोघी-तिघी गेल्या, की तेच जड जाते.

वाचक भगिनींनो, आपल्या दिवाळीत वसुबारस गाईची, पाडवा नवऱ्याचा, भाऊबीज भावाची. मैत्रिणीचा दिवस कोणता? ज्या घरातून पाडवाच निघून गेला आहे, तिथे यंदा फराळाचे ताट घेऊन जा. आणि ताट ठेवून लगेच परतू नका, घटकाभर बसा.