मुदत संपली म्हणजे हक्क संपला काय?

‘मुदत संपली, आता काही होणार नाही.’ खिडकीमागून आलेल्या या एका वाक्याने आपल्या किती मुलामुलींचे शिक्षण थांबते, याचा हिशोब कोणी ठेवला आहे काय?

इगतपुरी तालुक्यातील एक बाप मुलीला घेऊन माझ्याकडे आला. बाप गवंड्याच्या हाताखाली काम करणारा, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा तिचा अर्ज बाद झालेला. कॉलेज म्हणाले, सगळी फी भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही. बाप शिक्षण सोडवायला निघाला होता.

मी एकच विचारले, ‘अर्ज भरलाच नाही, की भरूनही अडकला?’ महाडीबीटीवर पाहिले, तर अर्ज मुदतीत भरलेला होता. उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट म्हणून तो परत आला होता आणि तसा निरोप बंद पडलेल्या मोबाईल नंबरवर गेला होता. चूक झाली, पण ती एकट्या मुलीची नव्हती. कॉलेजच्या लॉगिनला अर्ज सात आठवडे पडून होता, हे कोणी सांगितले नव्हते.

त्याच दिवशी प्राचार्यांना आणि नाशिकच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना लेखी अर्ज दिला. सोबत तारखांचा तक्ता, अर्जाची प्रत आणि नवा दाखला जोडला. दोन्हीकडे आवक क्रमांक घेतला. चार दिवसांत परीक्षेचा फॉर्म मिळाला. शिष्यवृत्तीला पुढे पाच महिने लागले, पण मुलगी कॉलेजात राहिली.

बांधवांनो, शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नाही. अनुसूचित जातींसाठीची ही योजना १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आणि शिष्यवृत्ती संपण्याचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण येण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी मिळवली. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. ती परवानगी मागितलीच नसती तर?

२०२४ साली मुजफ्फरनगरच्या एका दलित मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतील जागा १७,५०० रुपये वेळेत न भरल्याने गेली. तो गप्प बसला नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ खाली त्याला प्रवेश द्यायला लावला. प्रत्येकाला दिल्ली गाठावी लागत नाही, पण दाद मागावीच लागते.

म्हणून ध्यानात ठेवा. तोंडी विनवणी कागदावर उरत नाही, म्हणून लेखी द्या आणि पोच घ्या. उशीर का झाला ते खरे सांगा, पुरावा जोडा, रडगाणे नको. तहसीलचा दाखला उशिरा मिळाला असेल, तर मागणीची पावती लावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अपिलाची सोय आहे. अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस पडला, हे माहिती अधिकारात विचारा. जुन्या अर्जांना अनेकदा मुदतवाढ मिळते, त्यावर नजर ठेवा. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे जा.

याच नाशिकात १९३० साली काळाराम मंदिराच्या बंद दरवाजासमोर आपली माणसे सत्याग्रहाला बसली. आज बंद दरवाजा कॉलेजच्या खिडकीचा आहे. प्रत्येक विहारात जून-जुलैमध्ये एक रविवार शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी ठेवा. शिकलेल्या तरुणांनी पाच-पाच मुलांचे अर्ज तपासावेत. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा झेरॉक्स आणि दाखल्यांवर खर्च झाला, तर बाबासाहेबांना त्याहून मोठे अभिवादन कोणते?

जय भीम!