रुमालाची गाठ, सर्व्हरचं कुलूप

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीबद्दल एक आकडा नेहमी सांगितला जातो. हा सगळा कोश एकट्या माणसाने टाइप करायला घेतला तर त्याला १२० वर्षं लागतील. १९८०च्या दशकात हे काम खरोखर झालं, तेव्हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा या राज्यांत १२०हून अधिक टायपिस्ट त्यासाठी बसले होते. कोशाची पहिली आवृत्ती आणि तिची चार खंडांची नवी पुरवणी मिळून ३५ कोटींहून जास्त अक्षरं त्यांनी संगणकात भरली आणि इंग्लंडमधल्या ५५ मुद्रितशोधकांनी ती तपासली. या कामातून १९८९ साली वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, हे ग्रंथप्रेमींना ठाऊक असतं. याच कामातून एक सॉफ्टवेअर कंपनीही निघाली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. कॅनडातली ओपन टेक्स्ट ही ती कंपनी. बँका, औषध कंपन्या, वकिलांच्या पेढ्या आणि सरकारी खाती यांची कागदपत्रं सांभाळणारी सॉफ्टवेअर विकणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत आज तिची गणना होते. तिची वाटचाल सहसा उलाढालीच्या आकड्यांत मांडतात. पण ती नीट समजून घ्यायची असेल तर आधी त्या १२० जणांच्या हाताखालचं पान पाहायला हवं.

त्या कोशाची छापील नोंद म्हणजे खिळ्यांच्या आकारांची दाट वीण आहे. मुख्य शब्द ठळक, मग कंसात उच्चार, चौकटी कंसात व्युत्पत्ती, त्याखाली अर्थ आणि त्याहून बारीक टाइपात तो शब्द कोणी, कधी, कुठे वापरला याची अवतरणं. प्रत्येक अवतरणाच्या आरंभी ठळक अंकांत वर्ष, मग लेखकाचं नाव छोट्या आकाराच्या मोठ्या लिपीत, मग ग्रंथाचं नाव तिरप्या टाइपात. अशी चोवीस लाखांवर अवतरणं. टायपिस्टाने अक्षरं तर भरायचीच, पण टाइप जिथे बदलतो तिथे त्याची खूणही भरायची. पुढे संगणकाच्या आज्ञावल्यांनी त्या खुणांवरून अर्थ लावला. अवतरणाच्या सुरुवातीचा ठळक आकडा म्हणजे वर्ष, त्यापुढची छोटी मोठी लिपी म्हणजे लेखक, त्यापुढचं तिरपं म्हणजे ग्रंथ. ‘हे ठळक आहे’ या खुणेच्या जागी ‘हे वर्ष आहे’ अशी खूण आली. वाचताना ही बाब किरकोळ वाटते, पण माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म तिथेच आहे. मजकूर कसा दिसतो याऐवजी तो काय आहे, हे त्याच्याच अंगावर साध्या अक्षरांत लिहून ठेवलं, की तो कोणत्याही एका यंत्राचा मिंधा राहत नाही. आज हे यंत्र, उद्या दुसरं. खुणा वाचता आल्या की झालं.

खुणा केलेला हा मजकूर धुंडाळायचा कसा, हा प्रश्न कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाकडे आला. फ्रँक टॉम्पा, गास्तों गोनेत आणि टिम ब्रे यांची नावं या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. कोशात सुमारे ५ कोटी ९० लाख शब्द आहेत. गोनेत यांच्या ‘पॅट’ या शोधयंत्राची युक्ती अशी: प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीपासून मजकुराच्या अखेरपर्यंत एक लांबलचक ओळ आहे असं मानायचं आणि या सगळ्या ओळींच्या फक्त जागा वर्णानुक्रमाने लावून ठेवायच्या. मग हवा तो शब्द किंवा शब्दसमूह शोधताना यादीच्या मध्यावर जायचं, पुढे की मागे ते ठरवायचं, उरलेल्याच्या पुन्हा मध्यावर जायचं. सहा कोटींच्या आसपासची यादी अशी निम्मी-निम्मी करत गेलं तर २६ पायऱ्यांत उत्तर हाती येतं. आधी सूची करून ठेवलेलेच शब्द सापडतील अशी अटही नाही. हे इतकं उपयोगी होतं की १९९१मध्ये त्यातून ओपन टेक्स्ट कंपनी उभी राहिली. १९९५च्या सुमारास ती इंटरनेटवरची पानं शोधून देत होती आणि याहूसुद्धा काही काळ तिच्याच शोधावर चालत होतं. जानेवारी १९९६मध्ये तिचे शेअर अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात आले. पण इंटरनेटच्या शोधाची बाजारपेठ दुसऱ्यांकडे गेली आणि कंपनी कचेऱ्यांच्या आतल्या कागदांकडे वळली. ‘लाइव्हलिंक’ हे तिचं त्या काळातलं मुख्य उत्पादन.

कचेरीला फक्त शोध नको असतो, हे कंपनीला तिथे उमगलं. आपल्याकडे ज्याने आवक-जावक पाहिली आहे, नस्ती फिरवली आहे, अभिलेख कक्षात गठ्ठे बांधले आहेत, त्याला हे सांगावं लागणार नाही. कागद आला कधी, कोणाकडे गेला, त्यावर टिपणी कोणाची, जुना मसुदा कुठला आणि मंजूर झालेला कुठला, कोणाला तो पाहण्याचा अधिकार आहे, तो किती वर्षं ठेवायचा: कागद सांभाळणं म्हणजे हे सारं. महाराष्ट्रातल्या सरकारी दप्तरात अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ड वर्गाचा वर्षभरानंतर नष्ट करायचा. कागदपत्रांची सॉफ्टवेअर हेच करतात. एकाने मसुदा दुरुस्तीला उचलला की दुसऱ्याला त्यात हात घालता येत नाही, परत ठेवला की नवी आवृत्ती नोंदली जाते, मुदत भरली की सूचना येते. या कामाची थोरवी मी कमी लेखत नाही. विमानाच्या देखभालीची पुस्तिका जुन्या आवृत्तीतली निघाली किंवा औषधाच्या चाचणीचा अहवाल कोणी मागाहून बदलला, तर माणसं दगावतात. डॉक्युमेंटम या १९९० साली स्थापन झालेल्या कंपनीचे सुरुवातीचे ग्राहक बोइंग आणि सिंटेक्स ही औषध कंपनी असावेत, यात नवल नाही.

माझा आक्षेप पुढच्या गोष्टीवर आहे. कोशाच्या कामाने दोन धडे दिले होते. मजकूर चटकन सापडला पाहिजे, हा एक. आणि मजकुराची ओळख मजकुरासोबतच राहिली पाहिजे, हा दुसरा. दुसरा धडा टिम ब्रे यांनी पुढे नेला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एक्सएमएल या खुल्या प्रमाणाच्या संपादकांपैकी ते एक. कंपन्यांच्या धंद्याला मात्र पहिला धडा मानवला. डॉक्युमेंटमचंच कोठार जवळून पाहा. तुम्ही ‘भाडेकरार २००४’ या नावाने ठेवलेला दस्तऐवज तिथे या नावाने नसतो. त्याला १६ अंकाक्षरांचा एक क्रमांक मिळतो, ज्याची सुरुवात ०९ने होते. प्रत्यक्ष फाइल अंकांच्या नावाच्या फोल्डरांत, अंकांच्याच नावाने पडलेली असते. तिचं खरं नाव, तारीख, आवृत्ती, कोणी ठेवली आणि कोणी पाहायची, हे सगळं वेगळ्या डेटाबेसच्या तक्त्यांत असतं. दोन्हींची सांगड सॉफ्टवेअर घालतं. ते चालू आहे तोवर सारं सुरळीत. ते बाजूला काढलं तर हातात लाखो बेनाम फाइली उरतात. त्या टायपिस्टांनी प्रत्येक वर्षापाशी, प्रत्येक लेखकापाशी जी खूण ठेवली, ती इथे कागदावरून उचलून कुलपाच्या आत ठेवली गेली.

हे कुलूप किती मोलाचं आहे, ते खरेदी-विक्रीच्या साखळीत दिसतं. डॉक्युमेंटम २००३मध्ये ईएमसी या कंपनीने सुमारे १७० कोटी डॉलरना घेतली. ईएमसी २०१६मध्ये डेलकडे गेली आणि जानेवारी २०१७मध्ये ओपन टेक्स्टने डॉक्युमेंटमचा व्यवसाय १६२ कोटी डॉलरना विकत घेतला. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथल्या टॉवर सॉफ्टवेअरने सरकारी अभिलेखांसाठी ‘ट्रिम’ नावाची प्रणाली केली होती. ती २००८मध्ये एचपीकडे, एचपीच्या विभागणीनंतर मायक्रो फोकसकडे आणि २०२३मध्ये मायक्रो फोकससकट ओपन टेक्स्टकडे आली. वकिलांच्या पेढ्यांत रुळलेली पीसी डॉक्स १९९९मध्ये टोरांटोच्या हमिंगबर्डने घेतली आणि २००६मध्ये हमिंगबर्डच ओपन टेक्स्टने घेतली. म्हणजे लाइव्हलिंकचा वारसा धरून चार वेगवेगळ्या घराण्यांची कोठारं २०२३मध्ये एका मालकाकडे एकवटली. या सगळ्यात ग्राहकाने काहीच बदललं नाही; त्याचे कागद होते तिथेच राहिले आणि त्यांचा रखवालदार मात्र दर काही वर्षांनी बदलत गेला. तेरा वर्षांनंतर, तंत्र जुनं झाल्यावरही डॉक्युमेंटमला जवळपास तीच किंमत मिळाली, कारण विकत घेणाऱ्याने तंत्राहून अधिक तिथे अडकलेलं दप्तर विकत घेतलं होतं. देखभालीचं वार्षिक शुल्क आणि क्लाउडची वर्गणी हाच या कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. कागद हलवणं जितकं अवघड, तितकं ते उत्पन्न निर्धोक.

यावर तीन उत्तरं दिली जातात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिलं असं की कुलपाशिवाय सुरक्षा कशी राहणार? रुग्णाचा अहवाल किंवा कर्जाचं प्रकरण उघड्यावर ठेवता येत नाही. अगदी मान्य, पण कागद कोणी पाहायचा यावरचं कुलूप वेगळं आणि कागदाच्या मालकाने आपलं दप्तर घेऊन जाण्यावरचं कुलूप वेगळं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात, त्यातली एक आपल्याकडे असते. दुसरं उत्तर असं की लहान कंपनी बुडाली असती तर तिचे ग्राहक वाऱ्यावर पडले असते. मोठ्या कंपनीने तिला घेतलं म्हणून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची प्रणाली आजही चालते. हेही खरं. जुनी आज्ञावली नव्या संगणकावर चालती ठेवणं हे कष्टाचं आणि कोणाच्या नजरेत न भरणारं काम आहे. ते करणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला आदर आहे. पण तगवून धरणं आणि मोकळं ठेवणं यांत विरोध नाही. तगवणाऱ्यानेच बाहेरची वाट बांधून दिली तर त्याचं काम अधिकच मोलाचं होईल. तिसरं उत्तर सीएमआयएस या खुल्या प्रमाणाकडे बोट दाखवतं. २०१०मध्ये ओएसिस या प्रमाण-संस्थेने ते मंजूर केलं आणि या धंद्यातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या त्यात होत्या. त्याने वेगवेगळ्या कोठारांशी एकाच भाषेत बोलण्याची सोय झाली, हे चांगलंच झालं. मात्र एका कोठारात डोकावता येणं म्हणजे तिथला सगळा संसार, जुन्या आवृत्त्या, मंजुरीचा प्रवास आणि कोणी काय बदललं याची नोंद यांसह उचलून दुसरीकडे मांडता येणं नव्हे. तेवढं करायला आजही महिनोन्‌महिने लागतात आणि त्यासाठी वेगळा खर्च पडतो.

पुण्यातल्या पेशवे दप्तराचा विचार इथे मनात येतो. तिथले मोडी कागद कापडात बांधलेले, रुमालांत. १८१८नंतर दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९३०च्या दशकात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ भाग संपादून काढले. राज्य बदललं, लिपी मागे पडली, पण रुमालाची गाठ सोडायला मूळ कारकुनाची परवानगी लागली नाही. मोडी शिकलेला कोणीही माणूस कागद उलगडून वाचू शकत होता, कारण तारीख, मायना, लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, हे सगळं त्याच कागदावर होतं. वाळवी, ओल, आग यांपुढे कागद दुबळा, हे कबूल. त्या बाबतीत सर्व्हर कितीतरी बरा. म्हणून मागणी एवढीच की सर्व्हरवरच्या कागदालाही रुमालातल्या कागदाचा हा एक गुण हवा. त्या १२० जणांनी भरलेल्या मजकुराला तो लाभला. ज्या यंत्रांसाठी त्यांनी तो भरला ती यंत्रं कधीच मोडीत निघाली, तरी तोच मजकूर २०००मध्ये इंटरनेटवरच्या कोशाचा पाया झाला.

आपल्या नगरपालिका, विद्यापीठं, सहकारी बँका आणि रुग्णालयं आता कागद स्कॅन करून अशा प्रणालींत भरत आहेत. तुम्ही अशा संस्थेत निर्णयाच्या जागी असाल, तर सहीपूर्वी विक्रेत्याला एक परीक्षा द्यायला लावा. शंभर दस्तऐवज त्याच्या प्रणालीत ठेवा, त्यांत दुरुस्त्या करा, मंजुऱ्या द्या आणि मग ते सगळे बाहेर काढून मागा. कागद दीर्घकाळ टिकवण्यासाठी ठरवलेल्या पीडीएफ-ए या २००५पासूनच्या प्रमाणात, सोबत नाव, तारीख, आवृत्त्या आणि फेरफारांची नोंद साध्या एक्सएमएलमध्ये. विक्रेत्याचं कोणतंही सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर ते उघडून पाहा. शंभरच्या शंभर नावानिशी उघडले, तर सही करा. आणि ही परीक्षा दरवर्षी विनाशुल्क द्यावी लागेल, असं कलम करारात घाला.