संकेतस्थळाचा धंदा : आधी वही, मग संगणक

मुलाचा किंवा मुलीचा संगणकाचा कोर्स पुरा झाला की घरात एकच प्रश्न उभा राहतो : पुण्याला पाठवायचे कसे? खोलीचे भाडे, मेसचे पैसे, नोकरी लागेपर्यंतचे महिने. हा खर्च मोलमजुरी करणाऱ्या आईबापांनी कोठून आणायचा? हिवरा आश्रमसारख्या गावातील अशा घरांना आम्ही दुसरी एक वाट सुचवतो. गावात राहूनच लहान व्यावसायिकांना संकेतस्थळे तयार करून देण्याचा धंदा करता येतो.

गिऱ्हाईक कोठून मिळणार, असे कोणी विचारील. शेजारच्या लोणार सरोवराला 2020 साली रामसर यादीत स्थान मिळाले. मेहकरजवळून जाणारा समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. आपल्या गावी विवेकानंद जन्मोत्सवाला दरवर्षी प्रचंड गर्दी लोटते. बाहेरून येणारा माणूस राहण्याजेवण्याची सोय आधी मोबाइलवर शोधतो. तेव्हा लॉजवाला, खानावळवाला, गाडी भाड्याने देणारा, रोपवाटिकावाला ही सारी आपली गिऱ्हाइके होऊ शकतात.

भांडवल थोडे लागते. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर 2003 पासून मोफत मिळते. ते मराठीतूनही वापरता येते. 2014 पासून संकेतस्थळाचा पत्ताही देवनागरीत, शेवटी ‘.भारत’ लावून, घेता येतो. बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत यांचे उदाहरण पाहा. इन्फोसिस कंपनीत ऑफिसबॉयचे काम करून ते ग्राफिक्स शिकले. कोरोनाच्या काळात गावी परतल्यावर त्यांनी गोठ्यात संगणक मांडून डिझाइनचे काम चालू ठेवले. 2024 साली ‘शार्क टँक इंडिया’ या कार्यक्रमात त्यांच्या कंपनीला एक कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा देकार मिळाला. प्रत्येकाला कोटी मिळतील असे नाही. पण खेड्यात बसून हे काम होते, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

मात्र हे धंदे बुडतात ते बहुधा हिशेबात. आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून हिशेबच मांडून दाखवतो. समजा, काम 8,000 रुपयांना घेतले. पत्ता आणि जागा यांचे वर्षाचे 3,800 रुपये गेले. उरले 4,200. काम 40 तासांत झाले तर तासाला 105 रुपये पडले. पण गिऱ्हाइकाने ‘हे बदला, ते बदला’ म्हणत आणखी 30 तास घेतले, तर तासाला 60 रुपयेच हाती येतात. म्हणून किती पाने, किती वेळा बदल, पुढच्या वर्षीचा खर्च कोणाचा, हे आधी कागदावर लिहून घ्यावे आणि निम्मी रक्कम आगाऊ मागावी. उद्यम नोंदणी मोफत होते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

आता प्रसिद्धीचे पाहू. आपल्या मुलांचे चौकात दुकान नसते, व्यापाऱ्यांत नातेवाईक नसतात. गावात काम बहुधा ओळखीवर मिळते, आणि ती ओळख आपल्या वाट्याला कमी येते. म्हणून स्वतःच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला एक टिपण लिहावे. लॉजच्या खोलीचे फोटो कसे काढावेत? नकाशावर दुकान कसे नोंदवावे? विषय असे, गिऱ्हाइकाच्या अडचणीचे असावेत. भाषा मेहकरच्या बाजारात चालते तीच असावी. अशी माहिती शोधणारा अनोळखी माणूस टिपण वाचतो आणि आडनाव विचारण्याआधी आपले काम पाहतो. दोन-चार आठवड्यांत फळ दिसणार नाही. वर्षभर नेट धरला पाहिजे.

शेवटी सचोटीची गोष्ट. संकेतस्थळाचा पत्ता गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यावा आणि पासवर्ड त्याला लिहून द्यावा. पत्ता आपल्या नावावर ठेवून गिऱ्हाइकाला अडकवणारे लोक या धंद्यात आहेत. त्यांचे गिऱ्हाईक एकदा सुटले की परत येत नाही, आणि दुसऱ्यालाही सावध करते.

आईबापांनी एवढेच करावे : मुलीला किंवा मुलाला वर्षभराची मुदत द्यावी, आणि महिन्याच्या अखेरीस तिच्या किंवा त्याच्या शेजारी बसून जमाखर्चाची वही पाहावी. वर्षाच्या शेवटी पुण्याचा निर्णय घ्यायचाच झाला, तर तो अंदाजावर नव्हे, त्या वहीतील आकड्यांवर घेता येईल.